सांडव्याखालचं डबरं

"पोरी, मरायचंच असलं तर दुसरीकडं जाऊन मर. माझ्या म्हशीच्या पायाखाली नको."

मी काठावरनं ओरडले ती अशी. आमच्या डबऱ्यात मांडीपर्यंत चिखलात एक मुलगी उभी होती. पॅन्ट वर दुमडलेली, डोक्याला टोपी, हातात लांब दांड्याची जाळी. भोवतीनं माझ्या अकरा म्हशी बसलेल्या, आणि ही त्यांच्यामधनं वाट काढत पुढंच चाललेली. तिनं माझ्याकडं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. नुसता हात वर करून गप्प बसायची खूण केली. माझ्याच डबऱ्यावर मला गप्प करणारी ही कोण टिकोजीराव, म्हणून मी चपला काढून खाली उतरले. तोवर तिनं जाळी फिरवली, आत हात घालून काहीतरी चिमटीत धरलं, आणि माझ्याकडं बघून अशी हसली की पुढच्या शिव्या माझ्या तोंडातच राहिल्या.

"मावशी, बघा तरी," म्हणाली.

चिमटीत टाचणी होती. चतुर सगळ्यांनी बघितलेला असतो. ही त्याची बारकी बहीण. काडीएवढं अंग, आणि बसली की पंख मिटून पाठीवर घेते. हिची शेपटी निळी होती, लुगड्याच्या रेशमी काठासारखी. मुलीनं ती दोन बाजूंनी बघितली आणि सोडून दिली. मी मात्र दोन पावलं मागं सरले.

आता तुम्ही म्हणाल, म्हशी राखणारी बाई किड्याला घाबरते काय. तर ऐका.

आम्ही जातीचे गवळी. गावाला लागून मोरतळं आहे, आणि आमच्या गल्लीतल्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या दुपारच्याला त्याच तळ्यात बसायच्या. म्हशीला पाणी नसलं तर तिची कातडी तडकते, ती वैरणीला तोंड लावत नाही आणि दूध आटतं. हे गवळ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. पण आमच्या नलवडे गुरुजींना कोण सांगणार? गुरुजींनी मला चौथीला शिकवलं होतं. भला माणूस. रिटायर झाल्यावर रोज पहाटे तळ्याला फेरी घालून बाटल्या, पिशव्या वेचायचे. टाचणी हा शब्दसुद्धा मला त्यांनीच शिकवलेला, वर्ग घेऊन तळ्यावर यायचे तेव्हा. त्यांना वाटायला लागलं, म्हशी काठ तुडवतात, पाण्यात शेण टाकतात, एक दिवस ह्या निळ्या शेपटीच्या टाचण्या मरून जाणार. मग त्यांनी तळं बचाव समिती काढली, नगरपालिकेच्या मागं लागले, आणि तळ्याला भोवतीनं तारेचं कुंपण पडलं. एक फाटक, फाटकाला कुलूप, आणि किल्ली गुरुजींच्या सदऱ्याच्या खिशात. ज्या सभेत हे ठरलं, तिथं त्यांनी त्या टाचणीचा हा एवढा मोठा फोटो भिंतीला लावला होता.

ज्यांनी पाढे शिकवले त्यांच्याशी भांडायचं कसं? मी भांडले नाही, बोलणं सोडलं. दूध मात्र रोज घालत होते. भांडण तोंडाचं, त्यात दुधाचा काय दोष? ते दारात विचारायचे, काय कस्तुरी, बरं आहे ना सगळं. मी मापाकडं बघत दूध ओतायची आणि मागं फिरायची. अशी तीन वर्षं गेली.

तळ्याच्या सांडव्याखाली, आमच्या गोठ्याला लागून, पाझराचं पाणी साठून एक डबरं झालेलं होतं. म्हशी तिथं बसायला लागल्या. पण ते होळीच्या आधीच आटायचं. दोन उन्हाळे आम्ही बादल्यांनी म्हशी भिजवून काढले. तिसऱ्याला दोन म्हशी आजारी पडल्या, आणि आमचे मालक, मल्लाप्पा त्यांचं नाव, खचले. त्यांच्या भावानं इचलकरंजीला एका गिरणीत वॉचमनची जागा बघून ठेवली होती. जनावरांचा दलाल येऊन गोठा बघून गेला. दिवाळी झाली की म्हशी द्यायच्या, असं ठरलं. ठरलं म्हणजे ते बोलले आणि मी काहीच बोलले नाही. धार काढताना त्यांचं तोंड बघवत नव्हतं. आणि मी सकाळी उठून करायचं काय? हातात चरवी नाही, दारात म्हैस नाही. माझा तर जीवच जात होता.

तर असं सगळं चाललेलं, आणि ज्या किड्यापायी तळं गेलं तो किडा आता माझ्या डबऱ्यात निघालेला. मी मागं सरणार नाही तर काय करणार?

मुलीचं नाव केतकी इंगवले. कोल्हापूरला युनिव्हर्सिटीत टाचण्यांवर शिकत होती. तळी कशी राखली की टाचण्या वाढतात नि कशी राखली की घटतात, असलं काहीतरी. गुरुजींनी तिला तळ्यात जायची परवानगी दिली होती. सकाळी ती कुंपणाच्या आत असायची आणि दुपारी आमच्या डबऱ्यात. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो, त्यांचा एक नियम होता. भर दुपारी दारात आलेली पोरगी जेवल्याशिवाय जायची नाही, मग ती कुणाची का असेना. त्यामुळं केतकी आमच्यातच भाकरी खायला लागली. खाऊन गोठ्यातच कडब्यावर आडवी व्हायची. मालकांना म्हशींची नावं विचारायची, आत्तींची थट्टा करायची. पोरगी लाघवी होती, खोटं कशाला बोलू. पण तुझ्या ह्या बघण्यातनं निघणार काय, असं विचारलं की सांगायची नाही. म्हणायची, अजून पक्कं नाही मावशी, पक्कं झाल्याशिवाय आमच्यात बोलत नाहीत.

दिवाळी तोंडावर आलेली. एका शुक्रवारी ती डबऱ्यातनं नाचतच वर आली. म्हणाली, निळ्या शेपटीच्या टाचण्या तळ्यात शोधून दिसत नाहीत आणि तुमच्या इथं मोजून संपत नाहीत. उद्या कोल्हापूरला जाऊन येते आणि परवा रविवारी गुरुजींना घेऊन येते, त्यांनी हे डबरं बघितलंच पाहिजे. एवढं बोलून भाकरी न खाताच पळाली.

मी तिथंच काठावर बसले. आत्तींनी तोंडातली मशेरी थुंकली आणि माझ्याजवळ येऊन बसल्या.

"तळ्यात किडा दिसला, तळ्याला तार पडली," त्या म्हणाल्या. "आता डबऱ्यात दिसला."

मी म्हटलं, येऊ दे ती परवा, जाळी मोडून हातात देते तिच्या. आमचंच खाऊन आमच्याच मुळावर उठली. आत्तींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तिला कशाला बोलतीस? पोरगी जेवती आपल्यात. किड्यालाच घालवू की."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलतात म्हातारी माणसं. दुसऱ्या दिवशी मी लोणी घेऊन बाजारला गेले. परत येते तर लांबूनच धूर दिसला. गोठा पेटला की काय म्हणून पदर खोचून धावत सुटले. गोठा जागच्या जागी होता. सत्तरीच्या आत्ती हातात विळा घेऊन डबऱ्याच्या काठावर उभ्या होत्या, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. काठावरचं सगळं लव्हाळं, गवत, पाण्यातनं वर आलेली पाणकणसं, एकूण एक कापून म्हशींपुढं टाकलेलं. चारी बाजूंना शेणकुटं पेटवून वर कडुनिंबाचा पाला घातलेला. डबरं असं दिसत होतं जसं जावळ काढलेलं पोर. टाचणी सोडा, एक माशी नव्हती तिथं.

"आता बघू दे गुरुजीला काय बघायचं ते," आत्ती म्हणाल्या, आणि खोकल्या. मला जे हसू फुटलं ते आवरेना. आम्ही दोघी काठावर बसून पोट धरधरून हसलो. त्या संध्याकाळी मी चहात पाणी घातलंच नाही, नुसत्या दुधाचा केला.

रविवारी केतकी गुरुजींच्या आधी आली. आभाळ भरलेलं होतं. ती गोठ्याला वळसा घालून आली, डबरं बघितलं आणि होती तिथंच खाली बसली. मी भांडायची सगळी तयारी करून ठेवली होती. पण पोरीच्या डोळ्यांतनं पाणीच यायला लागलं, तेव्हा माझी पंचाईत झाली.

"मावशी, हे का केलंत?"

"इथंबी तार नको म्हणून."

"अहो, तार काढायलाच आणत होते मी त्यांना."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते ते. मग तिनं डोळे पुसत पुसत सांगितलं. तळ्यात म्हशी जायच्या तेव्हा त्या काठचं लव्हाळं थोडं खायच्या, थोडं तुडवायच्या, त्यामुळं मध्ये मध्ये उन्हाचं मोकळं पाणी राहायचं. टाचणीला ते मोकळं पाणी लागतं, आणि बसायला, अंडी घालायला थोड्या काड्या लागतात. म्हशी बंद झाल्या आणि लव्हाळं चारी बाजूंनी आत घुसलं. आता आत नुसत्या काड्या राहिल्या, पाणी दिसायचं बंद झालं. इथं तुमच्या म्हशी आहेत म्हणून टाचण्या आहेत, हे तिला पहिल्या दिवसापासून वाटत होतं, पण पक्कं नव्हतं. परवा झालं.

"मग आधी सांगायला काय झालतं तुला?" मी विचारलं.

"पक्कं नव्हतं ना."

आत्ती मागं उभ्या होत्या. "शिकल्याल्या माणसाचं पक्कं होईस्तवर आमी काय करायचं म्हणती मी?" असं म्हणून त्या चुलीपाशी निघून गेल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. गुरुजी आले. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, खिशाला पेन. माझ्या दारात पाऊल टाकलं त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. त्यांनी डबऱ्याला सावकाश एक फेरी मारली, वाकून पाण्यात बघितलं, काठावरच्या राखेकडं बघितलं. केतकी म्हणाली, परवापर्यंत इथं खूप होत्या सर. गुरुजी म्हणाले, असतील. वही घरी राहिली म्हणणाऱ्या पोराला ते म्हणायचे ना, तसं. त्यात राग नव्हता, तेच वाईट होतं. ते सायकलकडं वळले. पण आत्तींनी कपबशी आणून हातात दिली आणि घोंगडं टाकलं, तेव्हा त्यांना बसावं लागलं.

काय करावं मला सुचेना. तो माणूस दारात बसलेला, खिशात तळ्याची किल्ली, आणि त्याला जे दाखवायचं ते आम्हीच आमच्या हातानं कापून जनावरापुढं टाकलेलं. कपाळाला हात लावायची वेळ. एवढ्यात ढग सरकले, ऑक्टोबरचं ऊन चटकन अंगावर आलं आणि गोठ्यात म्हशी ओरडायला लागल्या. त्यांना काय, गुरुजी आले काय नि राजा आला काय. मी जाऊन दावी सोडली.

आमची हौशी पुढं. पंढरपुरी जातीची म्हैस ती, शिंगं पार खांद्याच्या मागं गेलेली. ती डबऱ्यात उतरली, फुर्र करून नाक उडवलं आणि बसली. वर राहिलं ते नुसतं नाक, डोळे आणि शिंगं. बाकीच्या तिच्या मागनं उतरल्या. पाणी ढवळलं, मग हळूहळू थांबलं.

आणि कुठनं आली कोण जाणे, एक निळी शेपटी पाण्यावर आली. त्या बोडक्या काठावर इकडं गेली, तिकडं गेली. बसायला काडी नव्हती कुठं. मग वळली आणि हौशीच्या शिंगावर बसली. पंख मिटून घेतले. मागनं दुसरी आली, ती दुसऱ्या शिंगावर. मग तिसरी, चौथी, आणि मग मी बघायचंच सोडलं, कारण मला गुरुजींचं तोंड बघायचं होतं. प्रत्येक म्हशीच्या शिंगावर टाचण्या होत्या.

गुरुजींच्या हातातली कपबशी तशीच राहिली होती. केतकीनं ती काढून घेतली तरी त्यांना कळलं नाही. ते उठले, चपला काढल्या आणि पांढऱ्या पायजम्यानिशी चिखलात उतरले. मी म्हटलं गेले आता, हौशी अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाही. पण तिनं नुसता एक कान हलवला. गुरुजी गुडघाभर पाण्यात तिच्या शिंगापाशी जाऊन उभे राहिले, श्वास धरून.

"तीन वर्षं मी हिला आत शोधतोय, कस्तुरी," ते म्हणाले.

तीन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा उत्तर दिलं. "मग इकडं यायचं होतं की गुरुजी. दूध तर रोज आमचंच पिताय."

त्यांनी मान हलवली. मग पाण्यातनंच केतकीला म्हणाले, सांग आता. तिनं सगळं सांगितलं. ते मध्ये मध्ये अडवत होते. शेणाचं काय, साबणाचं काय, काठ खचतो त्याचं काय. पोरीला जेवढं येत होतं तेवढं सांगितलं, येत नव्हतं तिथं येत नाही म्हणाली. ते त्यांना आवडलं असावं. शेवटी त्यांनी विचारलं, हा काठ एवढा कुणी साफ केला?

"मी," आत्ती पुढं होऊन म्हणाल्या. "तुमाला दिसू नये म्हणून. शिंगावर बसतील हे मला काय ठावं?"

गुरुजी एवढे हसले की त्यांना आधाराला हौशीच्या पाठीवर हात ठेवावा लागला. टाचण्या भुर्रकन उडाल्या, दोन घिरट्या घालून परत जिथल्या तिथं बसल्या. दुसरीकडं जाणार कुठं बिचाऱ्या.

पण म्हणून त्यांनी लगेच किल्ली काढून दिली असं समजू नका. ते गुरुजी होते. पाय धुऊन घोंगड्यावर बसले आणि अटी घालायला लागले. फाटक दुपारपुरतंच उघडायचं. म्हशी ओढ्याच्या बाजूनं सोडायच्या, देवळाच्या बाजूचं लव्हाळं तसंच राहील, त्याला म्हशीनं तोंड लावायचं नाही आणि आत्तींच्या विळ्यानंही. साबण लावून एक म्हैस धुतली तर कुलूप परत लागणार. मी म्हटलं, चैत्रात नुसत्या दुपारनं काय होतंय, संध्याकाळपर्यंत पाहिजे. ते नाही म्हणाले. मी म्हटलं, मग तुम्ही या चैत्रात आणि म्हशीच्या अंगावर बादल्या ओता. असं बराच वेळ चाललं. मालक बाहेरनं आले तेव्हा आम्ही दोघं हातवारे करून भांडत होतो, आणि त्यांनी आत्तींना हळूच विचारलं, ही बोलायला लागली कधी? शेवटी गुरुजींनी संध्याकाळ कबूल केली. समितीतल्या काहींनी नाकं मुरडली, पण गुरुजी म्हणाले, कुंपण मी घातलंय, फाटक मीच उघडतो.

दोन दिवसांनी त्यांनी ते उघडलं. हौशी फाटकातनं गेली ती थेट ओढ्याकडच्या काठाला, जणू कालच येऊन गेलेली. लव्हाळ्यात शिरली, चार घास ओढले, आणि कडाकडा मोडत पाण्यात जाऊन बसली. मालक फाटकाला धरून उभे होते. त्यांनी दलालाला त्याच दिवशी निरोप धाडला की म्हशी द्यायच्या नाहीत, दिवाळीला फराळाला ये.

पुढं दोन वर्षं केतकी येत राहिली. हळूहळू तळ्यात मोकळं पाणी दिसायला लागलं आणि निळ्या शेपटीच्याही दिसायला लागल्या. तिला मोठी पदवी मिळाली, पेढे घेऊन आली होती. पण माझ्या मनात राहिला आहे तो त्याच वर्षीचा पाडवा.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्यात म्हशी सजवून गावातनं मिरवत नेतात. पाठीवर नक्षी, गळ्यात कवड्यांच्या माळा, शिंगाला मोरपीस, आणि सगळ्यात मोठा मान शिंगांच्या रंगाचा. लालभडक हुरमुंज लावतात. कुणाच्या म्हशीची शिंगं जास्त चमकतात त्यावरनं घराची अब्रू ठरते. हे काम आत्ती दुसऱ्या कुणाला करू देत नसत. एके वर्षी मी एका शिंगाला जरा पातळ रंग दिला तर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या.

त्या दिवशी पहाटेपासून त्या रंगाची वाटी घेऊन बसल्या. एकेक म्हैस रंगवून झाली. हौशीची शिंगं मात्र त्यांनी नुसत्या पाण्यानं धुतली, फडक्यानं कोरडी केली आणि वाटी उचलून ठेवली. मालक म्हणाले, आई, हौशी राहिली. त्या म्हणाल्या, राहिली न्हाई, ठेवली. मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले.

मिरवणूक निघाली. गल्लीगल्लीतल्या म्हशी लालजर्द शिंगांच्या, आणि आमच्या पुढं हौशी, काळ्या कोऱ्या शिंगांची. सगळं गाव बघत होतं. मला तर मान वर करायची लाज वाटायला लागली. तालमीपाशी आत्तींच्या चुलतजावेनं गाठलंच.

"काय गौराक्का, यंदा रंग कमी पडला काय गं?"

आत्तींनी हौशीच्या शिंगावरनं हात फिरवला.

"रंग घरात मोप हाय," त्या म्हणाल्या. "पर हिच्या शिंगावर पावणी येत्यात बसायला. रंगाचा वास आला, तर यायची न्हाईत."